नीतिशास्त्रीय उपपत्ती

मनुष्याने कसे वागावे आणि तसेच का वागावे, ह्या दोन प्रश्नांना तत्त्वज्ञांनी जी पद्धतशीर उत्तरे दिली आहेत, त्यांना नीतिशास्त्रीय उपपत्ती असे म्हणतात. चालीरीती, कायदा व धर्माज्ञा ह्यांच्या द्वाराही वर्तनाचे नियमन होत असते. परंतु चालत आलेला नियम पाळणे वेगळे आणि तो नियम योग्य का, असे विचारणे वेगळे. हा दुसरा प्रश्न जेथे विचारला जातो, तेथे नीतिशास्त्राचा आरंभ होतो. दोन मान्य नियमांचा परस्परांशी विरोध आला म्हणजे बहुधा असा प्रश्न उपस्थित होतो. खरे बोलावे, हा एक नियम; निरपराध्याचा जीव वाचवावा, हा दुसरा. एकाच प्रसंगी दोन्ही पाळता येत नसतील, तर कोणता सोडावयाचा आणि कशाच्या आधारावर, ह्याचे उत्तर केवळ नियमांची यादी वाचून मिळत नाही.

कोणत्याही कृतीची तीन अंगे असतात : कृती करणारा कर्ता, प्रत्यक्ष केलेली कृती आणि तीतून निष्पन्न होणारा परिणाम. ह्यांपैकी कोणत्या अंगास प्राधान्य द्यावयाचे, त्यानुसार प्रमुख उपपत्तींचे तीन वर्ग पडतात. कर्त्याच्या शीलावर भर देणाऱ्या त्या सद्गुणवादी, कृतीच्या स्वरूपावर व ती ज्या नियमानुसार केली जाते त्यावर भर देणाऱ्या त्या कर्तव्यवादी आणि परिणामांच्या इष्टानिष्टतेवर भर देणाऱ्या त्या परिणामवादी उपपत्ती होत. हे वर्गीकरण सोयीचे असले, तरी ते विसाव्या शतकात रूढ झालेले आहे. प्राचीन विचारवंतांनी स्वतःकडे ह्या दृष्टीने पाहिलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

ग्रीक विचार : पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा उगम सॉक्रेटीसच्या (इ. स. पू. सु. ४७०–३९९) प्रश्नोत्तरांत आढळतो. धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असे प्रश्न विचारून त्याने रूढ कल्पनांतील विसंगती दाखवून दिली. सद्गुण हे एक प्रकारचे ज्ञान आहे व जाणूनबुजून कोणीही वाईट वागत नाही, असे त्याचे मत होते. प्लेटोने न्यायाचा अर्थ आत्म्याच्या विवेक, तेज व वासना ह्या तीन अंशांतील सुसंवाद असा लावला. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) निकोमॅकिअन एथिक्स ह्या ग्रंथात विवेकानुसार व सद्गुणांनी युक्त असे संपूर्ण आयुष्य हे मानवाचे श्रेय मानले. सद्गुण उपदेशाने नव्हे, तर सवयीने अंगी बाणतात. न्याय्य कृत्ये करीत राहिल्याने मनुष्य न्यायी होतो. प्रत्येक शीलगुण दोन टोकांमधील मध्य असतो; उदा., भ्याडपणा व अविचारी साहस ह्यांमधील मध्य म्हणजे धैर्य. हा मध्य गणिताने काढता येत नाही. तो प्रसंगानुरूप ठरविण्यासाठी व्यवहारविवेक लागतो. ॲरिस्टॉटलचे हे प्रतिपादन सूक्ष्म असले, तरी गुलामांना व स्त्रियांना त्याने ह्या श्रेयाचे पूर्ण वाटेकरी मानले नाही, ही त्याची ठळक मर्यादा होय.

ॲरिस्टॉटलनंतर एपिक्यूरसने (इ. स. पू. ३४१–२७०) सुख हेच श्रेय मानले, तथापि त्याला अभिप्रेत असलेले सुख विलासाचे नसून शारीरिक वेदना व मानसिक अस्वस्थता ह्यांच्या अभावाचे होते. झीनो ह्या सायप्रसमधील विचारवंताने स्थापिलेल्या स्टोइक पंथाने सद्गुण हेच एकमेव श्रेय व बाकी सर्व गोष्टी उदासीन, अशी भूमिका घेतली. सर्व मानवांत एकच विवेक वास करतो, ह्या त्यांच्या कल्पनेतून विश्वबंधुत्वाच्या व नैसर्गिक कायद्याच्या विचारास चालना मिळाली. सेंट टॉमस अक्वायनसने (१२२५–७४) ह्या नैसर्गिक कायद्याची ॲरिस्टॉटलच्या विचारांशी व ख्रिस्ती श्रद्धेशी सांगड घातली. तत्पूर्वी सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) कोणतेही असत्य भाषण पापच होय, असे कठोर मत मांडले होते.

भारतीय विचार : भारतीय परंपरेत नीतिशास्त्र ह्या नावाचे स्वतंत्र शास्त्र नव्हते, धर्म, पुरुषार्थ व कर्म ह्या संकल्पनांच्या अनुषंगाने हा विचार झाला. विधिवाक्य माणसाला कर्मास का प्रवृत्त करते, ह्याविषयी मीमांसकांत मूलगामी मतभेद होता. कुमारिलभट्टाच्या मते, ते कर्म इष्टसाधन आहे हे ज्ञान प्रवृत्तीच्या मुळाशी असते. प्रभाकराच्या मते ‘हे माझे कार्य आहे’ ही जाणीवच प्रवृत्तीस पुरेशी असते व नित्यकर्मांना फलाची अपेक्षा लागत नाही. फलासाठी कर्तव्य की कर्तव्यासाठी कर्तव्य, हा अठराव्या शतकातील यूरोपीय वाद येथे सु. सातव्या शतकातच वेगळ्या परिभाषेत उपस्थित झालेला दिसतो. मात्र मीमांसकांचा विधी हा वेदविहित असतो, तो माणसाच्या स्वतंत्र बुद्धीने घालून दिलेला नसतो, हा भेद महत्त्वाचा आहे. बौद्धांनी कर्म म्हणजे मुख्यतः चेतना, अर्थात हेतू, असे मानून कर्त्याच्या मनोवृत्तीस महत्त्व दिले. जैनांनी अहिंसेला सर्व व्रतांचे मूळ मानले.

महाभारताच्या कर्णपर्वातील एका प्रसंगात नियमांच्या विरोधाची चर्चा विशेष स्पष्टपणे येते. गांडीव धनुष्य दुसऱ्यास देऊन टाक, असे म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. कर्णाकडून पराभूत झालेला युधिष्ठिर संतापाने नेमके तेच बोलतो आणि अर्जुन ज्येष्ठ बंधूवर तलवार उपसतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिकाची कथा सांगतो. सत्यव्रती कौशिकाने, दरोडेखोरांच्या भीतीने रानात दडलेल्या लोकांचा ठावठिकाणा त्या दरोडेखोरांनी विचारताच खरा सांगितला. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. ज्याने लोकांचे धारण होते तो धर्म, अशा अर्थाचा निकष श्रीकृष्ण येथे लावतो. शक्य तर अशा वेळी मौन धरावे. बोलणे अपरिहार्यच झाले, तर असत्य श्रेयस्कर, असा त्याचा निर्णय आहे. तथापि प्रतिज्ञा सरळ मोडून टाक, असेही तो सांगत नाही. वडीलधाऱ्यास एकेरी संबोधून त्याचा अवमान करणे हा त्याचा वधच होय, असा तोडगा तो काढतो. नियमाचा अपवाद करतानाही नियमाविषयीचा आदर ढळू नये, ही दृष्टी ह्यामागे आहे.

उपयुक्ततावाद : यूरोपात धर्मसंस्थेचा अधिकार शिथिल झाल्यावर नीतीला नवा पाया शोधण्याची गरज भासली. टॉमस हॉब्जने (१५८८–१६७९) लेव्हायथन (१६५१) ह्या ग्रंथात आत्मरक्षणासाठी माणसांनी केलेल्या करारावर हा पाया रचला. डेव्हिड ह्यूमने (१७११–७६) नैतिक निर्णयांचे मूळ बुद्धीत नसून भावनेत आहे, असे सांगितले आणि ‘आहे’ अशा विधानांवरून ‘असावे’ असे विधान निष्पन्न कसे होते, हा प्रश्न विचारला. हा प्रश्न पुढील सर्व नीतिमीमांसेच्या वाटेवर उभा राहिला.

जेरेमी बेंथॅमने (१७४८–१८३२) १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उपयुक्ततावादाची व्यवस्थित मांडणी केली. सुख व दुःख हे मानवाचे दोन नियंते आहेत. म्हणून ज्या कृतीने संबंधित सर्वांच्या सुखाची जास्तीत जास्त वृद्धी होते, ती योग्य, असा त्याचा सिद्धांत आहे. सुखाचे मोजमाप करण्यासाठी त्याने तीव्रता, कालावधी, निश्चितता, निकटता, प्रसवक्षमता, शुद्धता व व्याप्ती ही सात परिमाणे सांगितली. ह्या हिशेबात राजाचे सुख व भिकाऱ्याचे सुख ह्यांचे मोल सारखेच. इंग्लंडमधील दंडविधान, तुरुंग व निर्वाचनपद्धती ह्यांच्या सुधारणांना ह्या समतावादी गृहीतकाने मोठे बळ दिले. पशूंनाही वेदना होतात, म्हणून त्यांचाही विचार व्हावा, असे बेंथॅमने स्पष्टपणे म्हटले होते.

जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) ह्याने यूटिलिटेरिअनिझम (पुस्तकरूपाने १८६३) ह्या ग्रंथात सुखांत केवळ परिमाणाचा नव्हे, तर गुणवत्तेचाही भेद मानला आणि न्यायाच्या नियमांना उपयुक्ततेच्याच आधारे अग्रक्रम दिला. परंतु उच्च सुख अधिक तीव्र नसतानाही अधिक इष्ट असेल, तर सुखाखेरीज दुसरा कोणता तरी निकष येथे लावलेला आहे, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. हेन्री सिज्विकने (१८३८–१९००) द मेथड्स ऑफ एथिक्स (१८७४) ह्या ग्रंथात आत्महितवाद, अंतःप्रज्ञावाद व उपयुक्ततावाद ह्यांची कसून तुलना केली. अंतःप्रज्ञावाद व उपयुक्ततावाद ह्यांचा मेळ घालता येतो. पण स्वतःचे हित व सर्वांचे हित ह्यांतील विरोध केवळ बुद्धीने मिटविता येत नाही, असा प्रांजळ निष्कर्ष त्याने काढला.

कांटचा कर्तव्यवाद : इमॅन्युएल कांटने (१७२४–१८०४) १७८५ व १७८८ ह्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांत नीतीचा पाया सर्वस्वी वेगळ्या ठिकाणी शोधला. त्याच्या मते सत्संकल्प ही एकच गोष्ट निरपवादपणे चांगली आहे. बुद्धी, धैर्य, संपत्ती ह्यांचा दुरुपयोग होऊ शकतो. सत्संकल्पाचे मोल मात्र तो निष्फळ ठरला तरी कमी होत नाही. गिऱ्हाइके टिकावीत म्हणून योग्य भाव लावणाऱ्या दुकानदाराचे वर्तन कर्तव्याशी जुळणारे असते, परंतु ते कर्तव्यबुद्धीने केलेले नसते. म्हणून त्याला नैतिक मूल्य नाही. ‘अमुक हवे असेल तर तमुक कर’ हा सोपाधिक आदेश होय. नीतीचा आदेश निरुपाधिक असतो. ज्या तत्त्वानुसार आपण वागतो, ते सर्वांसाठी नियम व्हावे अशी इच्छा आपण विसंगतीविना करू शकतो का, ही त्याची कसोटी होय. परत करण्याचा हेतू नसताना परतफेडीचे वचन देऊन कर्ज काढणे, हे सर्वांचे तत्त्व झाले तर वचन ह्या व्यवहारालाच अर्थ उरणार नाही. ह्याच आदेशाचे दुसरे रूप असे, की मानवतेला, मग ती स्वतःच्या ठायी असो वा दुसऱ्याच्या, कधीही केवळ साधन मानू नये. ती स्वयंसाध्य आहे.

ह्या भूमिकेची कठोर परीक्षा कांटच्या हयातीतच झाली. मारेकऱ्याने आपल्या घरी लपलेल्या मित्राचा पत्ता विचारला, तर खरे सांगावे काय, असा प्रश्न बेंझामॅं काँस्तां (१७६७–१८३०) ह्या फ्रेंच लेखकाने उपस्थित केला. सत्य ऐकण्याचा ज्याला हक्क नाही, त्याला ते सांगण्याचे कर्तव्यही नाही, असे काँस्तांचे म्हणणे होते. १७९७ मधील एका निबंधात कांटने त्याचा प्रतिवाद करून असत्य येथेही निषिद्धच ठरविले. सत्य सांगणाऱ्यावर पुढील अपघाताची जबाबदारी येत नाही. खोटे बोलणारा मात्र अनपेक्षित परिणामांचाही धनी होतो, असे त्याने म्हटले. कौशिकाने जे केले तेच कांटने योग्य ठरविले, असे येथे दिसून येते. पुढील अनेक कांटवाद्यांनी मात्र हा निष्कर्ष कांटच्या तत्त्वांतून अपरिहार्यपणे निघत नाही, असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रातील विचार : एकोणिसाव्या शतकात मिल व स्पेन्सर ह्यांचे ग्रंथ महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या वाचनात आले. गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६–९५) सुधारक पत्रातून रूढींची परीक्षा ऐहिक हित व व्यक्तिस्वातंत्र्य ह्या निकषांवर केली. शास्त्राधाराने नव्हे, तर बुद्धीने व मानवी सुखदुःखाच्या विचाराने बालविवाह, केशवपन ह्यांसारख्या चालींचा निर्णय व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. लोकमान्य टिळकांनी (१८५६–१९२०) मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीमद्भगवद्‌गीतारहस्य ह्या ग्रंथात पाश्चात्त्य उपपत्तींचा सविस्तर परामर्श घेतला. उपयुक्ततावादाला त्यांनी आधिभौतिक सुखवादात गणले. पुष्कळांच्या सुखाची नुसती गणना करावयाची, तर कौरवांची अकरा व पांडवांची सात अक्षौहिणी सैन्ये मोजून पांडवांना अन्यायी ठरवावे लागेल, असा त्यांचा मार्मिक आक्षेप आहे. कर्माची योग्यता बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीवर अवलंबून असते, ह्या बाबतीत कांट व टी. एच. ग्रीन हे गीतेच्या जवळ येतात, असे त्यांनी दाखविले. तथापि ही शुद्ध बुद्धी सर्वांभूती एकच आत्मा पाहणाऱ्या साम्यावस्थेतून येते, असे सांगून त्यांनी नीतीचा पाया अध्यात्मात शोधला. गीतेतील निष्काम कर्म व कांटचे कर्तव्य ह्यांत साम्य असले, तरी गीता लोकसंग्रह हे प्रयोजन सांगते व स्वधर्माचा संबंध वर्णाशी जोडते. कांटचा नियम सर्व विवेकशील प्राण्यांना सारखाच लागू असतो. वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) ह्यांच्या नीतिशास्त्रप्रवेश (१९१९) ह्या ग्रंथाने ह्या सर्व वादांचा मराठी वाचकांना पद्धतशीर परिचय करून दिला.

स्वधर्माच्या कल्पनेतील अडचण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी (१८९१–१९५६) नेमकेपणाने दाखविली. ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) ह्या प्रबंधात त्यांनी नियम व तत्त्व ह्यांत भेद केला. नियम अमुक कर असे सांगतो. तत्त्व कर्माचा न्यायनिवाडा करण्याची दृष्टी देते. तत्त्वानुसार केलेले कर्म चुकीचे ठरू शकेल, पण ते जबाबदारीने केलेले असते. केवळ नियम पाळणाऱ्यास ती जबाबदारीच उरत नाही. विधिनिषेधांच्या संहितेला धर्म म्हणण्यास त्यांनी ह्याच कारणास्तव नकार दिला. ज्या समाजात कर्तव्ये जन्माने वाटून दिलेली असतात, तेथे ‘कर्तव्य करा’ हा उपदेश अन्यायाचे समर्थनही करू शकतो, हे ह्या विवेचनावरून स्पष्ट होते.

विसावे शतक व नंतर : जी. ई. मुरने (१८७३–१९५८) प्रिन्सिपिआ एथिका (१९०३) ह्या ग्रंथात ‘चांगले’ ही संकल्पना अव्याख्येय आहे व तिचे सुखासारख्या नैसर्गिक गुणाशी तादात्म्य मानणे हा तर्कदोष होय, असे प्रतिपादन केले. डब्ल्यू. डी. रॉस (१८७७–१९७१) ह्याने १९३० मध्ये कांटच्या कठोरतेवर तोडगा सुचविला. वचनपालन, कृतज्ञता, परोपकार, इजा न करणे इ. अनेक सकृद्दर्शनी कर्तव्ये असतात. त्यांच्यात विरोध आल्यास त्या प्रसंगी कोणते बलवत्तर ते विवेकाने ठरवावे लागते. मारेकऱ्याच्या प्रसंगी खरे बोलण्याचे कर्तव्य नाहीसे होत नाही, फक्त ते मागे पडते. ए. जे. एअरने १९३६ मध्ये नैतिक विधाने सत्य वा असत्य नसून भावनांचे प्रकटीकरण होत, असे म्हटले. त्यामुळे काही काळ कोणते कर्म योग्य, ह्याऐवजी नैतिक भाषेचे स्वरूप काय, ह्याचीच चर्चा प्रामुख्याने झाली.

१९५८ मधील एका निबंधात एलिझाबेथ ॲन्सकोम हिने, आज्ञा देणारा ईश्वर न मानता ‘नैतिक बंधना’ची भाषा वापरणे निरर्थक आहे, असे सांगून सद्गुणांच्या विचाराकडे पुन्हा लक्ष वेधले, ॲलस्डेअर मॅकिंटायरच्या आफ्टर व्हर्च्यू (१९८१) ह्या ग्रंथाने हा प्रवाह दृढ केला. जॉन रॉल्झने (१९२१–२००२) अ थिअरी ऑफ जस्टिस (१९७१) ह्या ग्रंथात, उपयुक्ततावाद व्यक्ती-व्यक्तींमधील वेगळेपण गांभीर्याने घेत नाही, असा आक्षेप घेतला. समाजातील आपले स्थान काय असेल हे माहीत नसताना माणसे जी तत्त्वे स्वीकारतील ती न्याय्य, अशी त्याची उपपत्ती आहे. पीटर सिंगरने १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या उपासमारीचा दाखला देऊन, दूरच्या माणसाचे दुःख जवळच्या माणसाच्या दुःखाइतकेच बंधनकारक असते, असा युक्तिवाद केला. कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये निःपक्ष नियमांच्या जोडीला आस्था व जिव्हाळ्याच्या संबंधांची नीती मांडली. अमर्त्य सेन ह्यांनी द आयडिया ऑफ जस्टिस (२००९) ह्या ग्रंथात ‘नीती’ व ‘न्याय’ ह्या संस्कृत शब्दांतील भेदाचा उपयोग केला आणि कुरुक्षेत्रावरील संहाराविषयीची अर्जुनाची चिंता कर्तव्याच्या उपदेशाने निकालात निघत नाही, असे म्हटले. उलटपक्षी डेरेक पार्फिटने २०११ मध्ये, कांटवाद, करारवाद व परिणामवाद हे नीट मांडले असता एकाच निष्कर्षाकडे येतात, असे दाखविण्याचा प्रयत्न केला.

तुलना : तिन्ही प्रकारच्या उपपत्तींचे बळ व दौर्बल्य एकाच ठिकाणी असल्याचे दिसून येते. परिणामवाद सर्वांच्या सुखदुःखाची समान दखल घेतो व रूढीला जाब विचारतो. परंतु बहुसंख्यांच्या हितासाठी एखाद्या निरपराध्यास शिक्षा देणे त्याला तत्त्वतः त्याज्य ठरविता येत नाही. नियमांचे एकूण परिणाम पाहावेत, एकेका कृत्याचे नव्हे, अशी दुरुस्ती काहींनी सुचविली. पण नियम मोडल्याने निश्चित अधिक हित होत असेल तेव्हा तो का पाळावा, हा प्रश्न उरतोच. कर्तव्यवाद व्यक्तीची प्रतिष्ठा अभंग राखतो व सत्तेला मर्यादा घालतो. मात्र कर्तव्यांच्या विरोधात तो एक तर कठोर होतो किंवा निर्णय विवेकावर सोपवितो. सद्गुणवाद हा विवेक कसा घडतो ते सांगतो; परंतु एखाद्या समाजाची शीलाची कल्पनाच विकृत असेल, तर तिचे परीक्षण करण्यासाठी त्याला बाहेरील तत्त्वाची मदत घ्यावी लागते.

म्हणूनच व्यवहारात, विशेषतः वैद्यक, कायदा व प्रशासन ह्या क्षेत्रांत, कोणतीही एकच उपपत्ती पुरेशी मानली जात नाही. रुग्णाचे हित, त्याची संमती आणि वैद्याचा प्रामाणिकपणा ह्या तीन बाबी अनुक्रमे परिणाम, कर्तव्य व शील ह्यांकडे निर्देश करतात. असाध्य रोगाची वार्ता रुग्णास सांगावी की नाही, हा कौशिकाच्याच प्रश्नाचा सौम्य अवतार होय. मात्र येथे विचारणारा दरोडेखोर नसून सत्यावर ज्याचा सर्वाधिक हक्क आहे असा माणूस असतो व त्यामुळे उत्तर बदलते. उपपत्ती असा निर्णय आयता देत नाहीत. कोणाचे हित मोजले गेले, कोणास साधन बनविले गेले आणि निर्णय घेणाऱ्याची वृत्ती कोणती होती, हे तपासून पाहण्यास त्या शिकवितात. ह्यांपैकी एकाही प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यास जी हानी होते, ती बहुधा निर्णय घेणाऱ्यास नव्हे, तर दुसऱ्या कोणास तरी सोसावी लागते.